डेल्टा एचचं गणित: पद्धती चार, युक्ती एकच

एन्थाल्पीच्या गणितात घोडं अडतं ते बेरीज-वजाबाकीपाशी नाही, मायनस कुठे लावायचा तिथे अडतं. एक फॉर्म्युला म्हणतो प्रॉडक्ट वजा रिअॅक्टंट, दुसरा म्हणतो नेमकं उलटं, तिसऱ्या पद्धतीत तर अख्खं समीकरणच फिरवायचं असतं, आणि हे सगळं सुटंसुटं पाठ केलं की परीक्षेत हमखास एकमेकांत मिसळतं. खरं म्हणजे या सगळ्यांच्या मागे युक्ती एकच आहे, ती कळली की फॉर्म्युला विसरलात तरी जागच्या जागी परत उभा करता येतो. तिच्याकडे येतोच, पण आधी साइनचं बघू.

डेल्टा एच म्हणजे एन्थाल्पीतला बदल, म्हणजेच दाब कायम ठेवून (उघड्या भांड्यात असतो तसा) रिअॅक्शन झाली तर तिने बाहेर टाकलेली किंवा आत घेतलेली उष्णता. एखाद्या पदार्थाची एकूण एन्थाल्पी किती हे मोजता येत नाही, त्याची गरजही पडत नाही, आपल्याला फक्त आधी आणि नंतर यातला फरक हवा असतो. हिशोब कायम रिअॅक्शनच्या बाजूने मांडायचा. उष्णता बाहेर गेली तर तिच्याकडचं कमी झालं, म्हणून मायनस, ही एक्झोथर्मिक. आत घेतली तर प्लस, ही एंडोथर्मिक. आता गंमत अशी की थर्मामीटर बुडवलेला असतो पाण्यात, आणि पाणी धरायचं बाहेरच्या जगात. म्हणजे थर्मामीटर वर चढला तर पाण्याला मिळालं आणि रिअॅक्शनचं गेलं, म्हणून तापमान वाढलं की डेल्टा एच मायनस. निम्म्या चुका इथेच होतात.

दुसरी सवय लावायची ती समीकरणाची. बॅलन्स न करता आकडेमोड सुरूच करायची नाही, आणि प्रत्येक पदार्थापुढे तो घन आहे, द्रव आहे की वायू हे लिहायचंच, कंटाळा आला तरी. उदाहरणार्थ मिथेनचं ज्वलन:

१ मिथेन (वायू) + २ ऑक्सिजन (वायू) → १ कार्बन डायऑक्साइड (वायू) + २ पाणी (द्रव)

इथे शेवटचं "द्रव" बदलून "वायू" केलं की उत्तर ८८ किलोज्यूलने बदलतं, ते पुढे दिसेलच. आणि डेल्टा एचचा आकडा हा नेहमी लिहिलेल्या समीकरणापुरता असतो, समीकरण दुप्पट केलं की तोही दुप्पट, उलटं केलं की साइन उलटी.

मोजून काढायचं असेल तर

प्रयोगाची माहिती दिली असेल, म्हणजे इतकं पाणी, तापमान इथून तिथवर गेलं वगैरे, तर फॉर्म्युला एकच: उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्णता × तापमानातला फरक. पाण्यासाठी विशिष्ट उष्णता ४.१८ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस, आणि पातळ सोल्यूशनसाठीही हाच आकडा चालवून घेतात.

समजा १ मोलर हायड्रोक्लोरिक अॅसिड ५० मिली आणि १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५० मिली एकत्र ओतलं, दोन्ही आधी २५.० अंशावर होते, मिसळल्यावर तापमान ३१.७ पर्यंत चढलं. एकूण सोल्यूशन १०० मिली, म्हणजे साधारण १०० ग्रॅम. इथे खूप जण ५० च घेतात, तसं करू नका, तापलंय ते दोन्ही मिळून.

१०० × ४.१८ × ६.७ = २८०१ ज्यूल, म्हणजे २.८० किलोज्यूल

मोल किती? ०.०५० लिटर × १ = ०.०५० मोल अॅसिड, तेवढाच बेस, तेवढंच पाणी बनलं. आता भागाकार, २.८० ÷ ०.०५० = ५६, आणि तापमान वाढलंय म्हणून डेल्टा एच = −५६ किलोज्यूल प्रति मोल. स्ट्राँग अॅसिड आणि स्ट्राँग बेस कुठलेही घ्या, उत्तर याच्याच आसपास येतं, कारण खरी रिअॅक्शन हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांच्यातच होते, बाकीचे आयन नुसते बघत बसलेले असतात.

उलटं उदाहरण अमोनियम नायट्रेटचं. ८.० ग्रॅम (म्हणजे ०.१० मोल) १०० ग्रॅम पाण्यात विरघळवलं तर तापमान साधारण ५.७ अंशाने खाली येतं. वस्तुमान १०८ धरायचं, उष्णता १०८ × ४.१८ × ५.७ = २५७३ ज्यूल, ०.१० ने भागलं की २५.७ किलोज्यूल प्रति मोल, आणि पाणी गार झालंय म्हणजे उष्णता रिअॅक्शनने खेचली, म्हणून प्लस. एक सूचना, प्लस असला तरी लिहायचा, नुसतं २५.७ लिहिलं तर तपासणाऱ्याला वाटतं साइन विसरली.

आणि ज्यूलचे किलोज्यूल करायला विसरू नका. उत्तर −५६००० आलं तर काहीतरी राहिलंय हे दिसायलाच हवं.

स्पिरिटच्या दिव्याने पाणी तापवायच्या प्रयोगात मात्र उत्तर पुस्तकाशी जुळायची अपेक्षा ठेवू नका. समजा ०.९२ ग्रॅम इथेनॉल (०.०२० मोल) जळलं आणि २०० ग्रॅम पाणी २० अंशाने तापलं. पाण्याला मिळाले १६.७ किलोज्यूल, म्हणजे मोलमागे ८३६, आणि खरा आकडा आहे १३६७. बाकीची उष्णता हवेत गेली, भांड्यात गेली, काही इथेनॉल अर्धवट जळालं. रिपोर्टमध्ये "मानवी चूक" असं गुळमुळीत लिहिण्यापेक्षा ही कारणं लिहा, मार्क त्यालाच असतात.

आता ती युक्ती

१८४० मध्ये जर्मेन हेस या सेंट पीटर्सबर्गमध्ये काम करणाऱ्या केमिस्टने दाखवलं की सुरुवात आणि शेवट तेच असतील तर रिअॅक्शन एका टप्प्यात करा नाहीतर पाच टप्प्यांत, एकूण उष्णता तेवढीच. त्याने सल्फ्युरिक अॅसिड पाण्याने कमीजास्त पातळ करून मग अमोनियाने न्यूट्रलाइज केलं आणि दोन्ही टप्प्यांची उष्णता मोजली, पातळ करताना जास्त निघाली तर न्यूट्रलाइज करताना तेवढीच कमी, बेरीज तीच. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तेव्हा अजून नीट मांडलाही गेला नव्हता, हे लक्षात घेतलं की या माणसाची कमाल वाटते.

याचा आपल्याला फायदा काय? सरळ रस्त्याची उष्णता माहीत नसेल तर आडवाटेने जायचं, वाटेत सोयीचा एक थांबा घ्यायचा, आणि दोन टप्प्यांची बेरीज करायची. फॉर्मेशन (पदार्थ बनणं), कंबशन (ज्वलन) आणि बॉण्ड (अणूंमधला बंध) या तिन्ही पद्धतींत फरक आहे तो फक्त हा थांबा कुठला याचा. फॉर्मेशनमध्ये थांबा मूलद्रव्यांचा, कंबशनमध्ये जळून गेलेल्या राखरांगोळीचा म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचा, आणि बॉण्ड पद्धतीत सुट्या अणूंचा. मायनस कुठे येणार हे थांब्यावरून आपोआप ठरतं.

फॉर्मेशनचे आकडे दिले असतील तर

स्टँडर्ड फॉर्मेशन एन्थाल्पी म्हणजे एक मोल पदार्थ त्याच्या मूलद्रव्यांपासून बनताना होणारा बदल, १ बार दाबाला, आणि टेबलं बहुतेक २५ अंशाची असतात. म्हणजे टेबलातला आकडा मूलद्रव्यांकडून पदार्थाकडे जातो. आपल्याला रिअॅक्टंटपासून निघून मूलद्रव्यांच्या थांब्यावर यायचंय, हा टप्पा टेबलाच्या उलट दिशेने, म्हणून रिअॅक्टंटना मायनस. तिथून प्रॉडक्टपर्यंत जाणं टेबलाच्याच दिशेने, म्हणून प्रॉडक्ट जसेच्या तसे. झाला फॉर्म्युला तयार: प्रॉडक्टची बेरीज वजा रिअॅक्टंटची बेरीज.

मिथेनचंच घेऊ. मिथेन −७४.८, कार्बन डायऑक्साइड −३९३.५, द्रव पाणी −२८५.८, ऑक्सिजन शून्य.

प्रॉडक्ट: −३९३.५ + २ × (−२८५.८) = −९६५.१
रिअॅक्टंट: −७४.८ + २ × ० = −७४.८
डेल्टा एच: −९६५.१ − (−७४.८) = −८९०.३ किलोज्यूल

तो कंस खाऊ नका. वजा मायनस म्हणजे प्लस हे सगळ्यांना माहीत असतं तरी घाईत −१०३९.९ असं उत्तर लिहिणारे प्रत्येक वर्गात निघतात. आणि पाण्याच्या पुढचा २ विसरला तर सगळंच मुसळ केरात.

ऑक्सिजनला शून्य का, तर तो स्वतःच मूलद्रव्य आहे, त्याच्या नेहमीच्या रूपात, थांब्यावरच उभा आहे, त्याला कुठून यायचंच नाही. पण हे नेहमीच्या रूपालाच लागू. ग्राफाइटला शून्य, हिऱ्याला +१.९. ऑक्सिजनला शून्य, ओझोनला +१४२.७. सगळ्यात स्थिर रूप घ्यायचं असा नियम, फक्त फॉस्फरसचं विचित्र आहे, तिथे पांढरा फॉस्फरस शून्य धरतात आणि तो काही सगळ्यात स्थिर नाही, पण पहिल्या वर्षाला हे कुणी विचारत नाही.

समीकरणं जोडायची असतील तर

कार्बन अर्धवट जाळून फक्त कार्बन मोनॉक्साइड बनवायचा म्हटलं तर प्रयोगात जमत नाही, थोडा डायऑक्साइड होतोच. मग त्याची उष्णता कळणार कशी? दोन गोष्टी मात्र नीट मोजता येतात:

(अ) कार्बन + ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड, −३९३.५
(ब) कार्बन मोनॉक्साइड + अर्धा ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड, −२८३.०

आपल्याला हवंय: कार्बन + अर्धा ऑक्सिजन → कार्बन मोनॉक्साइड. कसं करायचं बघा, हव्या असलेल्या समीकरणातला असा पदार्थ पकडायचा जो दिलेल्या समीकरणांत एकदाच येतो. कार्बन फक्त (अ) मध्ये आहे, डावीकडे आहे, आपल्यालाही डावीकडेच हवाय, म्हणून (अ) तसंच. मोनॉक्साइड (ब) मध्ये डावीकडे आहे, आपल्याला उजवीकडे हवाय, म्हणून (ब) उलटं, साइन बदलून +२८३.०. बेरीज केली की डायऑक्साइड दोन्हीकडून उडतो, अर्धा ऑक्सिजन उरतो, आणि −३९३.५ + २८३.० = −११०.५. ऑक्सिजनसारखा सगळीकडे दिसणारा पदार्थ धरून कधी सुरुवात करू नका, गोल गोल फिरत बसाल, तो शेवटी आपोआप जुळतो. जुळला नाही तर आधीचं काहीतरी चुकलंय, फुकटात तपासणी होते.

कंबशनचे आकडे दिले असतील तेव्हाही हेच. एथीन आणि हायड्रोजनपासून एथेन बनतो त्याचं काढायचं असेल, तर कंबशन एथीन −१४१०.९, हायड्रोजन −२८५.८, एथेन −१५५९.७. थांबा आता राखरांगोळीचा. रिअॅक्टंट जाळले की थांब्यावर येतो, टेबलाच्याच दिशेने, म्हणून रिअॅक्टंट जसेच्या तसे. तिथून एथेनकडे जायचं म्हणजे ज्वलन उलटं, म्हणून प्रॉडक्टला मायनस. म्हणजे इथे रिअॅक्टंट वजा प्रॉडक्ट!

(−१४१०.९ − २८५.८) − (−१५५९.७) = −१३७.० किलोज्यूल

फॉर्मेशनने ताडून बघा: एथेन −८४.७, एथीन +५२.३, हायड्रोजन शून्य, −८४.७ − ५२.३ = −१३७.०. रस्ते वेगळे, थांबे वेगळे, उत्तर तेच. हे एकदा स्वतः कागदावर करून बघाच.

बॉण्ड एनर्जी दिली असेल तर

ही पद्धत दिसायला सोपी आणि चुकायलाही सोपी. बॉण्ड तोडायला ऊर्जा द्यावीच लागते, कायम प्लस. बॉण्ड तुटताना ऊर्जा बाहेर पडते हा समज खूप जणांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो, तो आधी काढून टाका. ऊर्जा बाहेर पडते ती नवे बॉण्ड जुळताना. थांबा सुट्या अणूंचा: आधी रिअॅक्टंटचे सगळे बॉण्ड तोडून तिथे यायचं (प्लस), मग अणू जोडून प्रॉडक्ट करायचे (मायनस). म्हणून तोडलेले वजा जोडलेले.

परत मिथेन. कार्बन-हायड्रोजन बॉण्ड ४१३, ऑक्सिजनचा डबल बॉण्ड ४९८, कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन-ऑक्सिजन डबल बॉण्ड ७९९, ऑक्सिजन-हायड्रोजन ४६३, सगळे किलोज्यूल प्रति मोल.

तोडलेले: ४ × ४१३ + २ × ४९८ = १६५२ + ९९६ = २६४८
जोडलेले: २ × ७९९ + ४ × ४६३ = १५९८ + १८५२ = ३४५०
डेल्टा एच: २६४८ − ३४५० = −८०२ किलोज्यूल

पाण्याच्या एका रेणूत दोन बॉण्ड, रेणू दोन, म्हणून चार. रेणूचं चित्र काढल्याशिवाय बॉण्ड मोजू नका.

पण आधी तर −८९०.३ आलं होतं! ८८ गेले कुठे? चूक कुठेच नाही. बॉण्ड एनर्जी वायूरूप रेणूंसाठी असते, म्हणजे या पद्धतीत पाणी वाफेच्या रूपात धरलं गेलं. २५ अंशाला एक मोल पाण्याची वाफ व्हायला ४४ किलोज्यूल लागतात, दोन मोलना ८८. फॉर्मेशनच्या पद्धतीत द्रव पाण्याच्या −२८५.८ ऐवजी वाफेचा −२४१.८ घालून बघा, −८०२.३ येतं, बरोब्बर जुळलं. कंसातला तो "द्रव" शब्द लिहायला लावत होतो तो याचसाठी.

इतकं छान मात्र दर वेळी जुळत नाही. टेबलातल्या बहुतेक बॉण्ड एनर्जी सरासरी असतात, एकच बॉण्ड वेगवेगळ्या रेणूंत थोडा कमीजास्त पक्का असतो. अमोनिया तयार होण्याची रिअॅक्शन घ्या, नायट्रोजनचा ट्रिपल बॉण्ड ९४५, हायड्रोजन ४३६ चे तीन, आणि नायट्रोजन-हायड्रोजन ३९१ चे सहा: २२५३ − २३४६ = −९३. फॉर्मेशनने −९१.८. चालण्यासारखं आहे, पण मोठ्या रेणूंत फरक वाढत जातो. म्हणून फॉर्मेशनचे आणि बॉण्डचे दोन्ही आकडे समोर असतील आणि प्रश्नात काही सांगितलं नसेल तर फॉर्मेशनच वापरा, माझं तरी मत हेच.

ग्रॅमवरून विचारलं तर

८ ग्रॅम मिथेन जाळलं, उष्णता किती? १६ ग्रॅमचा एक मोल, म्हणजे अर्धा मोल, ८९०.३ चे निम्मे, ४४५ किलोज्यूल बाहेर पडले. दोन्ही रिअॅक्टंटचं प्रमाण दिलं असेल तर आधी कुठला आधी संपतो ते बघा आणि हिशोब त्याच्यावरूनच करा, उरलेला पदार्थ नुसता पडून राहतो, त्याची उष्णता मोजायची नाही.

बॉम्ब कॅलरीमीटर आला तर एक लक्षात ठेवा, तो घट्ट बंद असतो, दाब नाही तर आकारमान कायम, म्हणून त्यात थेट डेल्टा एच मिळत नाही, डेल्टा यू (आंतरिक ऊर्जेतला बदल) मिळतं. मिथेनसाठी फरक जेमतेम ५ किलोज्यूलचा आहे (द्रव पाणी धरून डेल्टा यू साधारण −८८५), त्यामुळे सुरुवातीच्या कोर्समध्ये बहुतेक वेळा दुर्लक्ष करतात, पण गणितात मुद्दाम "कायम आकारमान" लिहिलं असेल तर वायूचे मोल किती वाढले-घटले ते काढून सुधारणा करायला लागते.

हात बसायला दोन गणितं देतो, दोन्ही फॉर्मेशनने सुटतात. पहिलं थर्माइटचं: १ फेरिक ऑक्साइड (−८२४.२) + २ अॅल्युमिनियम → १ अॅल्युमिनियम ऑक्साइड (−१६७५.७) + २ लोखंड, आणि उत्तर −८५१.५ यायला हवं, लोखंड वितळूनच बाहेर पडतं ते उगाच नाही. दुसरं चुनखडीचं: कॅल्शियम कार्बोनेट (−१२०६.९) → कॅल्शियम ऑक्साइड (−६३५.१) + कार्बन डायऑक्साइड (−३९३.५). इथे उत्तर +१७८.३ येतं. मायनस आलं तर प्रॉडक्ट आणि रिअॅक्टंटची अदलाबदल झालीय, आकडेमोड परत करण्याआधी थांबा कुठला धरला होता ते बघा.